चौकटी कंसातला चौथा शब्द

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रणकंदन माजलं. दर पाच तारखेला न चुकता मेंटेनन्स भरणाऱ्या ३०२ च्या काकूंना १८,४०० रुपये थकबाकीची नोटीस गेली. सेक्रेटरी म्हणाले, "एक्सेलने काढलंय, चुकेल कसं?" त्यांनी स्वतःच्या २०१ ची रक्कम पावतीशी ताडून पाहिली होती. पैशापर्यंत जुळत होती.

फॉर्म्युला होता व्हीलुकअपचा, म्हणजे यादीतून हवी ती नोंद शोधून देणाऱ्या फंक्शनचा. फ्लॅट नंबर द्यायचा, यादी दाखवायची, कितव्या कॉलममधली रक्कम हवी ते सांगायचं. एवढ्या तीन गोष्टी लिहून कंस बंद केला होता. चौथी राहिली होती.

ती एक्सेल दाखवतं बरं का! फंक्शनचं नाव लिहून कंस उघडला की खाली बारीक पट्टी येते. आता जे भरायचं ते तिच्यात ठळक दिसतं आणि शेवटी 'रेंज लुकअप' चौकटी कंसात असतं. चौकटी कंस म्हणजे 'नाही दिलंत तरी चालेल'. पण नाही दिलं तर एक्सेल काय धरून चालतं? पट्टीतल्या फंक्शनच्या नावावर क्लिक केलं की मदतीचं पान उघडतं. कंस उघडल्यावर कंट्रोल आणि ए दाबलं तरी खिडकीत खुलासा मिळतो: जागा रिकामी सोडली तर 'ट्रू', म्हणजे तंतोतंत नव्हे तर जवळची किंमत, आणि त्यासाठी पहिला कॉलम चढत्या क्रमाने लावलेला हवा.

ही अट कशाला? शब्दकोशात 'मांजर' शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचत नाही. मधोमध उघडतो, शब्द पुढे असेल तर मागचा अर्धा भाग सोडून देतो आणि उरलेल्याचा पुन्हा मध्य गाठतो. 'ट्रू' असताना एक्सेल हेच करतं. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, म्हणजे २ चा विसावा घात. वीस वेळा अर्धं केलं की एकच ओळ उरते. दहा लाखांच्या गर्दीत वीस पावलांत माणूस सापडतो!

पण गर्दी रांगेत उभी असेल तरच. आमची यादी ताबा मिळाल्याच्या क्रमाने होती: १०१, ३०२, १०२, २०१, ३०१, १०३, २०२. आता ३०२ शोधा. मध्यावर २०१. ३०२ मोठा, म्हणून वरच्या तीन ओळी बाद. काकू तिथेच होत्या, त्याही बाद! उरलेल्या तिघांच्या मध्यावर १०३, तोही लहान, म्हणून आणखी खाली. शेवटी २०२ उरला. तो ३०२ पेक्षा लहानच आहे, तेव्हा 'जवळचा' म्हणून त्याची थकबाकी काकूंच्या माथी. ३०१ चीही हीच गत, पण ते घर बंद असतं, बोलणार कोण?

सातपैकी तीन उत्तरं मात्र बरोबर येतात: १०१, २०१ आणि २०२. सेक्रेटरींचा २०१ तर ऐन मध्यावर, पहिल्याच फटक्यात सापडणारा. नेमकं तेच उत्तर त्यांनी तपासलं. नवस फेडणारे तेवढे मोजायचे आणि बाबांची प्रचिती सांगायची, त्यातलाच हा प्रकार.

'ट्रू' निरुपयोगी आहे असं नाही. प्राप्तिकराचे टप्पे किंवा गुणांवरून श्रेणी काढायची तर जवळची लहान किंमतच हवी असते. पण फ्लॅट नंबर 'जवळपास' असून काय कामाचा? २०१९ मध्ये आलेल्या एक्सलुकअप या नव्या फंक्शनमध्ये काही सांगितलं नाही तर तंतोतंत जुळणीच धरली जाते.

आम्ही जुन्याच फॉर्म्युल्यात शेवटी स्वल्पविराम आणि शून्य टाकलं. शून्य म्हणजे 'फॉल्स', तंतोतंत जुळलं तरच उत्तर. काकूंची थकबाकी लगेच शून्य झाली. १०३ पुढे मात्र इतके दिवस १०१ चं शून्य दिसत होतं, तिथे दोन महिन्यांची बाकी उगवली. १०३ मध्ये मी राहतो.