डोळ्यातलं एन्झाइम: घरचं आणि बाहेरचं

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळा सुन्न करायचं इंजेक्शन देतात, तेव्हा लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या बाटलीत बरेचदा एक पांढरी भुकटी विरघळवलेली असते. ती असते हायल्युरोनिडेज हे एन्झाइम. पेशी-पेशींच्या मधला चिकट भराव ते तात्पुरता पातळ करतं, म्हणून औषध पटकन पसरतं. डोळ्यांच्या भुलेत त्याचा वापर अ‍ॅटकिन्सन यांनी 1949 साली मांडला. हे मात्र डोळ्याच्या गोळ्याबाहेर टोचतात, आत नाही.

गोळ्याच्या आतली गोष्ट निराळी. 1957 च्या सुमारास बार्सिलोनाचे होआकिन बाराकेर डोळ्यात साचलेलं रक्त विरघळावं म्हणून अल्फा-कायमोट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम वापरून बघत होते. रक्ताचं राहिलं बाजूला; भिंगाला धरून ठेवणारे तंतूच सुटले! मग भिंग अख्खं काढायच्या ऑपरेशनात हेच एन्झाइम वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पण काहींच्या डोळ्याचा दाब नंतर चढायचा. तुटलेल्या तंतूंचे तुकडे पाणी निचऱ्याच्या जाळीत अडकत. पुढे क्रायो (भिंग गोठवून चिकटवून काढायची रीत) आलं, कृत्रिम भिंग आलं, आणि कायमोट्रिप्सिन मागे पडलं.

मुद्दा असा, की डोळा रिकामी बाटली नाही. गोळ्यात भरलेल्या पारदर्शक व्हिट्रिअस जेलमध्ये प्लाझ्मिनोजेन (प्लाझ्मिन या एन्झाइमचं झोपलेलं रूप) आणि एमएमपी-2 सारखी प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स मुळातच असतात, बरीचशी निष्क्रिय रूपात, आणि त्यांना आवरणारे अवरोधकही असतात. वयानुसार जेल पातळ होऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यापासून सुटतं. त्यामागेही अशा एन्झाइम्सचा हात असावा, असं मानतात. बाहेरून प्लाझ्मिन घातलं तर ते जेल आणि पडदा जोडणारं लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं तोडतं, वर झोपलेल्या एमएमपी-2 लाही जागं करू शकतं. मधुमेहात रक्तवाहिन्या झिरपतात, रक्तातली एन्झाइम्स आणि त्यांचे अवरोधक दोन्ही आत येतात. म्हणून तोच डोस दोन डोळ्यांत सारखा वागेल, हे धरून चालणं मला भाबडेपणाचं वाटतं.

प्लाझ्मिनचंच आखूड रूप म्हणजे ऑक्रिप्लाझ्मिन. मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, चिकटलेलं जेल सोडवायला 125 मायक्रोग्रॅमचं एकच इंजेक्शन. अमेरिकेत 2012 साली मान्यता मिळाली. ते आत गेल्यावर स्वतःलाच तोडतं आणि अवरोधकही त्याला निकामी करतात, त्यामुळे जोर फार टिकत नाही. चाचण्यांत 28 व्या दिवशी 26.5 टक्के डोळ्यांत चिकटपणा सुटला, नुसतं द्रावण दिलेल्यांत 10.1 टक्क्यांत. हा दुसरा आकडा कमी बोलका नाही: एन्झाइम न घालताही दहातला एक डोळा सुटलाच. काहींना पिवळट दिसणं, ईआरजीत (पडद्याच्या विद्युत प्रतिसादाच्या चाचणीत) बदल, क्वचित भिंग हलणं असे त्रासही नोंदले गेले. 2020 मध्ये अमेरिकेतली विक्री थांबली, आणि पडद्याचे डॉक्टर जेल काढायला व्हिट्रेक्टॉमीचं ऑपरेशनच करत राहिले.

टीपीए (टिश्यू प्लाझ्मिनोजेन अ‍ॅक्टिव्हेटर) हे एन्झाइम मात्र टिकून आहे. मॅक्युलाखाली रक्त साचलं की काही सर्जन ते टोचतात. गुठळी ते स्वतः विरघळवत नाही. सांडलेल्या रक्तासोबत आलेल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं, आणि पुढचं काम ते प्लाझ्मिन करतं.