मायक्रोवेव्हमध्ये स्टील गेलं की स्फोट होतो का?

दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यांतही आता लग्नात मायक्रोवेव्ह आंदण येतो, आणि सोबत एक धाकही येतो: आत स्टीलचा चमचा राहिला तर मशीन फुटतं. तसं होत नाही. मशीनच्या आतल्या भिंती धातूच्याच असतात, दारातली जाळीसुद्धा. घरगुती मायक्रोवेव्हच्या लहरी सुमारे 12 सेंटिमीटर लांबीच्या; त्या धातूवर आदळून परततात, म्हणून तर आतच राहतात.

मग ठिणग्या उडतात त्या कशाच्या? लहरींमुळे धातूत वीज खेळते. काट्याचं टोक, चुरगळलेला फॉइल, कपाची सोनेरी कड अशा टोकदार किंवा पातळ जागी तिचा जोर एकवटतो आणि हवेतून ठिणगी पडते. जवळ कागद असला तर तो पेटू शकतो. ही भीती खरी आहे, ती बाळगाच. चहाच्या कपात राहिलेल्या गुळगुळीत, जाड चमच्याने मात्र बहुधा काहीच होत नाही.

झाकण लावलेला स्टीलचा डबा ठेवला तर वरण थंडच राहील, कारण लहरी आत शिरतच नाहीत. त्या शोषायला काही नसल्याने परतून मशीनलाच त्रास देतात. म्हणून काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं बरं.

फुटतं ते वेगळंच: कवचासकट अंडं, घट्ट झाकणाची बरणी. तिथे वाफ कोंडते.

ठिणगी दिसली तर लगेच बटण बंद करा. आत आग लागली असेल तर दार उघडू नका, प्लग काढा.