अंदमान की लक्षद्वीप? बेटावर राहायला जाण्याआधी

बेळगावची टिळकवाडी असो, खानापूर असो की निपाणी, नोकरीतून मोकळ्या झालेल्या मंडळींच्या गप्पांत हल्ली बेटाचा विषय निघतोच. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळूरला, घरात दोघंच, डिसेंबरच्या थंडीत गुडघे धरतात आणि मोबाइलवर निळंशार पाणी दिसत राहतं. ‘अंदमान-लक्षद्वीपला जाऊन राहू’ असं लोक एका दमात बोलून जातात. फिरायला जायचं तर एवढं पुरे आहे. बिऱ्हाड हलवायचं असेल, तर मात्र या दोन ठिकाणांत मोठं अंतर आहे आणि ते आधी नीट कळायला हवं.

दोन्ही केंद्रशासित प्रदेश, आणि दोन्ही झाले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. सीमाभागातल्या माणसाला ही तारीख वेगळी सांगायला नको, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तो हाच दिवस. लक्षद्वीपमधली अमिनी, कडमत, किल्तान ही उत्तरेकडची बेटं तोवर दक्षिण कानडा जिल्ह्यात होती, म्हणजे मंगळूरहून त्यांचा कारभार चाले. राज्यांच्या फेररचनेत त्यांचीही वाट बदलली.

आता मुख्य प्रश्न: तिथं राहता येतं का?

लक्षद्वीपचं उत्तर जवळजवळ ‘नाही’ असंच आहे. छत्तीस बेटं, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, बेळगाव शहरापेक्षाही कमी. वस्ती जेमतेम दहा बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जमातीत मोडतात. बाहेरच्या भारतीय नागरिकालाही तिथं पाय ठेवायला परवाना लागतो, आपल्या पोलीस ठाण्याचा दाखला जोडावा लागतो आणि परवाना ठरावीक दिवसांचाच मिळतो. जमिनीच्या नियमांमुळे स्थानिकाची जमीन बाहेरच्याला विकत घेता येत नाही. तेव्हा ‘लक्षद्वीपमध्ये स्वस्तात प्लॉट’ असं कुणी सांगू लागला, तर तिथंच विषय संपवा. २०२१ साली जमीन आणि विकासाच्या नव्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा बेटांवर केवढा विरोध झाला तेही लक्षात ठेवा. मला तो विरोध मनापासून पटतो. आपली जमीन, आपली भाषा आपल्याला न विचारता कुठं गेली की काय होतं, हे आपण घराघरांत ऐकत वाढलो आहोत. तिथल्या माणसांचा हा हक्क आपण तरी जपावा.

अंदमानची घडण उलटी. मूळ जमाती सोडल्या तर तिथली बहुतेक वस्ती बाहेरून आलेल्यांची: काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेली कुटुंबं, रांचीकडचे मजूर, तमीळ आणि तेलुगू व्यापारी-नोकरदार. म्हणून नवा माणूस तिथं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून सरकारी नाव श्री विजय पुरम) जायला भारतीयांना परवाना लागत नाही. खोली भाड्यानं घ्या, राहा. बाजारात हिंदी चालते. लक्षद्वीपमध्ये मल्याळम, तिथल्या मिनिकॉय बेटावर महल नावाची भाषा. तिथं आपलं मराठी-कानडी कामाला येत नाही.

पण अंदमानातही सगळं खुलं नाही. १९५६ च्याच नियमानं आदिम जमातींचे राखीव भाग बंद आहेत. अंदमानच्या दक्षिणेला याच प्रदेशातली निकोबार बेटं आहेत, त्यांच्यासाठी वेगळा पास लागतो. जमिनीचं म्हणाल, तर १९६६ च्या कायद्यानुसार ती मुळात सरकारची, लोकांकडे कब्जाचे वेगवेगळे हक्क. आपल्याकडचा उतारा बघून व्यवहार करायची सवय तिथं उपयोगी पडणार नाही. तहसील कार्यालयात जाऊन त्या जागेवर विकणाऱ्याचा नेमका कोणता हक्क आहे ते विचारा. माझं मत विचाराल तर घ्यायच्या फंदात पडूच नका, भाड्यानं राहा.

बेळगाव ही मराठा लाइट इन्फंट्रीची भूमी. तेव्हा माजी सैनिकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९६९ पासून सरकारनं ग्रेट निकोबारवर माजी सैनिकांची कुटुंबं वसवली. त्यात पंजाबची होती, तशी महाराष्ट्राचीही होती. जंगल तोडून त्यांनी नारळ-सुपारी लावली, गावं उभी केली. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि सुनामीत त्यातली किनाऱ्यावरची गावं गेली. दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला जमीनच चारेक मीटर खचली, आणि तिथल्या दीपस्तंभाचा पायथा समुद्रात गेला. अंदमान-निकोबारची ही सगळी बेटं भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात येतात. किनाऱ्याला लागून घर बघताना हे डोक्यात असू द्या, चढावरचं घर बघा.

चढ म्हणजे काय, हेही दोन्हीकडे वेगळं. अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेली डोंगररांग. तिचं सर्वांत उंच शिखर सॅडल पीक ७३२ मीटर, म्हणजे साधारण आपल्या बेळगावएवढी उंची. लक्षद्वीप पोवळ्यांचं, समुद्रसपाटीपासून एखाददोन मीटर वर. तिथली विहीर बघण्यासारखी असते. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहतं. बादलीनं शेंदलं तर गोडं लागतं. पंप लावून ओढलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. म्हणून लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात धनीखाडी धरण उतरलं की पोर्ट ब्लेअरला नळ काही दिवसांआड येतो. भाड्याचं घर बघताना आधी टाकी किती लिटरची ते विचारा.

साठीपुढच्या माणसाला समुद्रापेक्षा दवाखाना महत्त्वाचा. इथं बेळगावात छातीत दुखलं तर केएलई रुग्णालय जवळ आहे. पोर्ट ब्लेअरला मोठं सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण गुंतागुंतीचं काही निघालं की चेन्नई गाठायची, समुद्रापलीकडे सुमारे १,३५० किलोमीटर. जहाजाला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे विमानच. अंदमानात उत्तरेला दिगलीपूर, मायाबंदरकडे स्वस्तात घर मिळेल, पण तिथून पोर्ट ब्लेअरचा रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्यानं सोडतात आणि वाटेत खाडीही लागते. शुगर-बीपीच्या माणसानं शहरातच राहावं. लक्षद्वीपहून गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरनं कोचीला न्यावं लागतं, हवा बिघडली की तेही अडतं.

मनातून लक्षद्वीप जात नसेल तर पाहून या, जरूर या. बेळगाववरून जाणारी पूर्णा एक्स्प्रेस एर्नाकुलमला सोडते, पुढं कोचीहून जहाज किंवा लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाचं विमान. परवाना आधी हातात घ्या. आणि अंदमानला राहायचं ठरत असेल, तर जानेवारीत जाऊन भुलू नका. एप्रिल-मेच्या पाणीटंचाईत एकदा आणि जून-जुलैच्या पावसात एकदा, महिना महिना भाड्यानं राहा. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते का, संध्याकाळी लवकर अंधारल्यावर दोघांचा वेळ जातो का, डॉक्टरकडे रिक्षानं किती वेळात पोचता येतं, हे सगळं त्या दोन महिन्यांत कळेल. तोवर इथलं घर विकू नका.