माइनक्राफ्टमधलं एनर्जी कन्व्हर्जन

माइनक्राफ्ट या गेममध्ये खेळाडूंनी बनवलेली भर म्हणजे मॉड आणि यंत्रं, वीज आणणारा तो टेक मॉड. अशा एका टेक मॉडच्या जनरेटरची पॉवर दुसऱ्या मॉडच्या मशीनला चालेल अशी करून देणं म्हणजे एनर्जी कन्व्हर्जन. साध्या माइनक्राफ्टमध्ये याची गरजच पडत नाही कारण तिथे रेडस्टोनचा सिग्नल आहे पण साठवायची, खर्च करायची वीज नाही, ती मॉडवाल्यांनी आणली आणि जो तो आपापलं युनिट काढून बसला. इंडस्ट्रियलक्राफ्टचं ईयू, बिल्डक्राफ्टचं एमजे, थर्मल एक्सपान्शनवाल्या टीम कोएफएचचं आरएफ म्हणजे रेडस्टोन फ्लक्स, मेकॅनिझमचं जूल, अप्लाइड एनर्जिस्टिक्सचं एई.

नेहमी दिसणारे रेट असे: 1 ईयू = 4 आरएफ, 1 एमजे = 10 आरएफ, 1 एई = 2 आरएफ, 1 आरएफ = 2.5 जूल (मेकॅनिझमचे, खऱ्या जूलशी यांचा काही संबंध नाही). इंडस्ट्रियलक्राफ्टच्या जनरेटरमध्ये एक कोळसा जाळला की 4000 ईयू मिळतात, म्हणजे 16000 आरएफ. हे आकडे मॉड लिहिणाऱ्यांनी ठरवले आणि बाकीच्यांनी चालवून घेतले, मेकॅनिझममध्ये तर कॉन्फिग फाइलमधून बदलताही येतात. पण बदलताना जाण्याचा आणि येण्याचा हिशोब जुळलाच पाहिजे. समजा 1 ईयूचे 4 आरएफ मिळतायत आणि परत येताना 3 आरएफमध्येच 1 ईयू मिळतोय, तर दोन बॅटऱ्या समोरासमोर जोडून कोणीही फुकट वीज काढत बसेल आणि मग त्या सर्व्हरवर रिअॅक्टर कोण कशाला बांधेल.

जुन्या काळी यासाठी पॉवर कन्व्हर्टर्स नावाचा वेगळा मॉडच होता, मध्ये एनर्जी ब्रिज ठेवायचा आणि त्याला चिकटून एका बाजूला घेणारा ब्लॉक, दुसऱ्या बाजूला देणारा. नंतर आरएफ इतकं पसरलं की बिल्डक्राफ्टनेही मध्ये काही काळ ते घेतलं, माइनक्राफ्टच्या 1.12 आवृत्तीला मात्र पुन्हा एमजेवर गेले. 1.10 च्या काळात फोर्जने (ज्यावर हे मॉड चालतात तो लोडर) स्वतःचं एफई म्हणजे फोर्ज एनर्जी आणलं, ते आरएफला 1:1 असल्यामुळे फोर्जवरच्या बऱ्याच मॉडमध्ये आता कन्व्हर्टर लागतच नाही, केबल जोडली की झालं.

खरी डोकेदुखी ईयूचीच. तिथे नुसती किती पॉवर एवढंच नाही, व्होल्टेजही बघावं लागतं: एलव्ही (लो व्होल्टेज) 32, एमव्ही (मीडियम) 128, एचव्ही (हाय) 512 ईयू प्रति टिक (टिक म्हणजे गेममधला सेकंदाचा विसावा भाग). आरएफच्या मशीनमध्ये जास्त पॉवर आली तर ती आपल्याला हवी तेवढीच घेते, ईयूच्या एलव्ही मशीनला एचव्ही दिली तर ती फुटते, त्यामुळे आरएफचं ईयू करताना आउटपुटचा टियर (म्हणजे एलव्ही, एमव्ही की एचव्ही) आधी बघायचा आणि लागलाच तर मध्ये ट्रान्सफॉर्मर टाकायचा. शिवाय ईयूच्या केबलमध्ये अंतराप्रमाणे गळती होते, म्हणून लांब न्यायची असेल तर आरएफमध्येच न्यावी आणि मशीनच्या शेजारी बदलावी.

एफईचा आकडा 32 बिटचा असल्यामुळे 2,14,74,83,647 च्या पुढे जातच नाही. मेकॅनिझमच्या इंडक्शन मॅट्रिक्समध्ये (वीज साठवायची अवाढव्य बॅटरी) याच्या कितीतरी पट वीज भरलेली असली तरी एफई वाचणाऱ्या दुसऱ्या मॉडला एवढीच दिसते.