नमुना घेणारा हात

मे महिना संपत आला की ठाणे-नवी मुंबईच्या दवाखान्यांत पावसाळ्याची तयारी सुरू होते. डेंग्यू, मलेरिया, साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो आणि फ्लू हे पाहुणे दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात. त्यांच्या आधी आम्ही नव्याने लागलेल्या सिस्टर, टेक्निशियन, एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी) आणि आशाताईंना एकत्र बसवून पेशंटकडून तपासणीचा नमुना कसा घ्यायचा ते शिकवतो. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून लॅबमध्ये लागले त्याला बरीच वर्षं झाली, आणि आता लॅबपेक्षा असल्या वर्गांतच जास्त असते. दर वर्गात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, हे असंच का करायचं?" प्रश्न रास्त आहे. यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणाच्या तरी आजारपणानंतर, काही वेळा मरणानंतर लिहिला गेला आहे.

आपल्या भागात ही गोष्ट प्लेगपासून सुरू होते. 1896 च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि 10 जानेवारी 1897 ला त्यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच कामातून उभी राहिली. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मुल्कोवालची हकिकत मात्र वर्गात कुणालाच माहीत नसते, म्हणून ती मी दरवेळी सांगते. 1902 च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या या गावी परळहून गेलेल्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पुढे नोंदी तपासल्यावर दिसलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढलं होतं. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण तोवर पाच वर्षं गेली होती. ही गोष्ट नमुना घेण्याची नाही, लस देण्याची आहे. तरी मला ती आमच्या कामाची वाटते, कारण प्रयोगशाळेत कितीही काटेकोरपणा असला तरी दूरच्या गावातल्या एका हाताने तो मातीत घातला. आणि त्या हाताला कुणी काय शिकवलं होतं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारलाच नाही.

क्षयाच्या तपासणीची गोष्ट वेगळी आहे, तिथे अडचण भाषेची झाली. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 ला क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि तेव्हापासून क्षय ओळखायचा तो छातीतून आलेल्या कफात. आपल्याकडे 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1997 मध्ये तो नव्या रूपात आला आणि 2006 पर्यंत सगळा देश त्यात आला. मराठी फलकांवर शब्द पडला 'थुंकी तपासणी'. पेशंटला सांगितलं, "थुंकी आणा." तो बिचारा सांगितल्याप्रमाणे थुंकी आणतो. डबीत पाण्यासारखी लाळ, वर थोडा फेस. लॅबमध्ये तिची स्लाइड केली तरी जंतू दिसणार कुठून? रिपोर्ट निगेटिव्ह आला की माणूस घरी जातो, त्याच खोलीत चार माणसांबरोबर झोपतो.

हे मला शिकवलं एका जुन्या आरोग्य सेविकेने. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आयुष्य काढलेली बाई. ती पेशंटला सांगायची, "दादा, चूळ भर. आता मोठा श्वास घे, सोड. परत घे. आता छातीतून खोक आणि बेडका काढ. तोंडातली थुंकी नको मला." एवढं सांगून ती पेशंटला घराबाहेर मोकळ्या जागी उभी करायची आणि स्वतः वारा पाठीवर घेऊन चार पावलं लांब थांबायची. नमुना हवेशीर जागी, इतरांपासून दूर घ्यावा असं आता मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतंच. बाईंनी ते वाऱ्याकडून शिकलं होतं. डबी हातात आली की ती उजेडात धरायची. घट्ट, पिवळसर, निदान दोन मिली असेल तर ठीक, नाहीतर "दादा, परत." आणि नाव डबीच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही. लॅबमध्ये एका वेळी दहा डब्या उघडल्या की झाकणं इकडची तिकडे होतात. झाकणावरच्या नावाचा काय भरवसा? पूर्वी तीन नमुने घेत, 2009 पासून दोन घेऊ लागले. एक तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्याउठल्या. पुढे क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रं आली, काही तासांत उत्तर मिळू लागलं. लाळ मात्र यंत्रातही लाळच राहते.

मलेरियाच्या स्लाइडबद्दल थोडक्यात. डाव्या हाताचं अनामिकेचं बोट, एक जाड थेंब, एक पातळ फिल्म, पेन्सिलीने नंबर. मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1953 चा, तेव्हापासून घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी अशा असंख्य स्लाइड घेतल्या. जुने लोक सांगतात की एकच सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुढच्या बोटाला लागायची. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटत नसे. एका वेळी वापरून टाकायची लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची छोटी सुई, नंतर आली.

ती सवय मोडली एचआयव्हीने. 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देशातले पहिले एचआयव्ही बाधित नमुने शोधून काढले. डॉ. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्या पहिल्या नमुन्यांची कथा वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. निर्मलाबाईंनी रक्त स्वतः काढलं, हातमोज्यांशिवाय. नमुने ठेवायला जागा नव्हती म्हणून ते त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिले. तपासणी झाली वेल्लोरला. देशाच्या आरोग्याच्या इतिहासातला एवढा मोठा शोध एका मुलीच्या उघड्या हातांवर उभा होता.

त्याच सुमाराला जगभर विचार उलटा फिरला. तोवर 'धोक्याचा' पेशंट वेगळा काढून त्याच्यापुरती काळजी घेत. आता ठरलं की कुणाच्या रक्तात काय आहे ते बघून कळत नाही, म्हणून प्रत्येक रक्ताला तीच काळजी. आमच्या कामात याचा सगळ्यात मोठा परिणाम झाला तो सुईच्या टोपणावर. वापरलेल्या सुईला टोपण परत बसवणं हा पूर्वी नीटनेटकेपणा समजला जाई. सुई टोचण्याचे कितीतरी अपघात नेमके त्याच क्षणी होतात, एका हातात टोपण आणि दुसऱ्या हातात सुई असताना. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हिपॅटायटिस बी ची, लस घेतलेली नसेल तर, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. वर्गातली मुलं एचआयव्हीला घाबरतात आणि हिपॅटायटिसची लस टाळतात. हे आकडे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि लसीचे तीन डोस कुणाकुणाचे पुरे झालेत ते हात वर करून विचारते. वर आलेले हात मोजताना दरवेळी जीव खाली-वर होतो. सुई लागलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही, आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं दोन तासांत मिळाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. लाजेपोटी किंवा ओरडा बसेल म्हणून गप्प बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तिथे चूक त्यांची नसते, ओरडणाऱ्यांची असते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 मध्ये आले आणि 2016 मध्ये नव्याने लिहिले गेले. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा न टोचणारा डबा, काचेसाठी निळा. यात सुरक्षेचा विचार नमुना घेणाऱ्यापाशी थांबत नाही, त्याच्यामागून कचरा उचलणाऱ्या मावशींपर्यंत जातो.

1994 मध्ये सुरतेला प्लेगची साथ आली, लोक गाड्या भरभरून मुंबई-ठाण्याकडे पळाले. तो खरोखर प्लेगच होता का, यावर पुढे कितीतरी काळ वाद चालला. पुष्कळ पेशंटांच्या पोटात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक आधीच गेलेलं होतं, मग नमुन्यात जंतू वाढणार कसा? त्या अनुभवानंतर 2004 मध्ये देशात रोग सर्वेक्षणाचा एकात्मिक प्रकल्प सुरू झाला. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर आपल्याकडे लेप्टो पसरला, तेव्हा वेळेचं महत्त्व पुन्हा कळलं. तापाच्या दुसऱ्या दिवशी अँटिबॉडी शोधल्या तर त्या तयारच झालेल्या नसतात. डेंग्यूचंही तेच. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 (विषाणूचं प्रथिन) शोधायचं, नंतर आयजीएम (अँटिबॉडी). फॉर्मवर 'ताप कधीपासून' हा रकाना रिकामा असेल तर निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थच लावता येत नाही.

मग 2020. त्या जानेवारीत कोरोनाची तपासणी देशात फक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत होत होती. दोन वर्षांत प्रयोगशाळा तीन हजारांवर गेल्या. नवी मुंबई महापालिकेने ऑगस्ट 2020 मध्ये नेरूळच्या रुग्णालयात स्वतःची आरटीपीसीआर लॅब उभी केली, आणि बाहेरच्या रिपोर्टसाठी दिवस दिवस ताटकळणं कमी झालं. यंत्रं मिळाली. स्वॅब घेणारे हात कुठून आणायचे? दंतवैद्य आले, कान-नाक-घशाचे डॉक्टर आले, आमच्यासारखे टेक्निशियन आले, नुकती पास झालेली मुलं आली. बऱ्याच जणांनी स्वॅबची काडी नाकात वर, डोळ्यांच्या दिशेने घातली. ती सरळ मागे, टाळूला समांतर, कानाच्या रेषेत जायला हवी. तिथे पोचल्यावर काही सेकंद फिरवून मग काढायची. ही एवढीशी गोष्ट शिकवायला एक जिवंत माणूस समोर लागतो. तेव्हा आम्ही ती मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून शिकलो.

मुलांना माझ्या वर्गातली सगळ्यात जास्त लक्षात राहते ती निळीची पुडी. हातमोजे घातल्यावर मी त्यांच्या बोटांना कपड्याची नीळ चोळते आणि सांगते, हे पेशंटचं रक्त समजा, आता मोजे काढा. पहिला मोजा मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा काढायचा, मोजा असलेल्या मुठीत ठेवायचा; मग उघडं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा करायचा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो. मोजे टाकल्यावर सगळे आपापले हात बघतात. मागच्या वर्षी एका सिस्टरच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली निळा डाग निघाला, एकाच्या कानाच्या पाळीवर. कानाला हात कधी लागला हे त्याला आठवत नव्हतं.

कोविडच्या लाटा ओसरल्यावर राज्यभर मानधनावर घेतलेले कितीतरी लोक कमी केले गेले. त्या दोन वर्षांत ज्यांचे हात बसले होते त्यातले काही खासगी लॅबमध्ये गेले, काही परीक्षांच्या तयारीला लागले, एकजण कळव्यात मोबाइलचं दुकान चालवतो. नेरूळची लॅब आहे, यंत्रंही आहेत. यंदाच्या वर्गात बसलेल्या बावीस जणांपैकी सतरा जणांनी नाकाचा स्वॅब कधीच घेतलेला नव्हता. म्हणून यंदा एक तास वाढवून मागितला आहे, आणि निळीच्या चार पुड्या जास्त आणल्या आहेत.