सरासरीच्या भरवशावर टाकी बांधू नका

एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर 1 लिटर पाणी होतं. पावसाच्या पाण्याचा सगळा हिशेब इथून सुरू होतो. छत उतरतं असेल तर उताराची लांबी धरायची नाही. छताखाली जेवढी जमीन झाकली जाते, तेवढंच क्षेत्रफळ मोजायचं.

समजा छत 60 चौरस मीटरचं आहे आणि वर्षाचा पाऊस सरासरी 300 मिलिमीटर. गुणाकार 18,000 लिटर. त्यातलं थोडं उडतं, थोडं मुरतं, थोडं पन्हळीबाहेर सांडतं. म्हणून पत्र्याच्या छताला साधारण 0.8 ने गुणतात. उरले 14,400 लिटर. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि कोरड्या प्रदेशात नेमकी इथेच फसगत होते.

दहा वर्षांचा पाऊस चढत्या क्रमाने मांडून पाहू: 90, 140, 170, 190, 210, 240, 280, 350, 480, 850. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण कोरड्या भागातल्या पावसाची चाल अशीच असते. यांची सरासरी 300 येते खरी, मात्र दहापैकी सात वर्षं तिच्या खाली आहेत. एका धुवाधार वर्षाने ती फुगवली आहे. त्या वर्षीचं जादा पाणी तर टाकी भरून वाहून गेलेलं असतं; पुढच्या दुष्काळात त्याचा काय उपयोग? म्हणून दहातल्या आठ वर्षी निदान किती पडतो, ते पाहायचं. इथे उत्तर आहे 170 मिलिमीटर, म्हणजे 8,160 लिटर. माझ्या मते भरवसा ठेवावा तो याच आकड्यावर.

पाऊस कसा पडतो, यानेही फरक पडतो. तापलेलं, धुळीने माखलेलं छत आधी स्वतः भिजतं, मग पन्हळीत धार लागते. या भिजण्यात दर सरीमागे 1 मिलिमीटर जातो असं धरा. एकाच सरीत 20 मिलिमीटर पडला तर 19 हाती लागतात. तोच पाऊस 2-2 मिलिमीटरच्या दहा सरींत आला, तर फक्त 10. शिवाय पहिल्या धारेत धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. ते पाणी टाकीत न घेता बाहेर सोडायचं आणि हिशेबातूनही वजा करायचं.

जमिनीवरचं पाणी अडवायचं असेल, तर याहून हात आखडून मोजावं लागतं, कारण सैल माती बरंच पाणी पिऊन टाकते. इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटात वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. तिथे प्राचीन काळी शेती झाली, ती शेताच्या साधारण वीस-तीस पट टेकड्यांचं पाणी त्या एका शेतात उतरवून. या गुणोत्तराबद्दल मला फार आदर वाटतो. थोड्या पावसाचा इतका नेमका अंदाज त्यांनी बांधला होता.

आता टाकी. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकापुरते रोज 20 लिटर धरले, तर वर्षाला 7,300 लिटर लागतात. 8,160 मध्ये ते बसतात, पण पहिली धार सोडल्यावर फारसं काही उरत नाही. नऊ महिने कोरडे जाणार असतील, तर पावसाळा संपताना टाकीत किमान 5,400 लिटर हवेत. आणि टाकीवर झाकण हवंच: उष्ण, कोरड्या हवेत उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने वर्षाला दोन मीटरहून जास्त उतरू शकते.

मोठ्या हवामान केंद्रातले पावसाचे आकडे मिळाले, तरी सरळ भिंतींचं, सपाट बुडाचं एक भांडं उघड्यावर ठेवा. प्रत्येक सरीनंतर त्यात पट्टी बुडवा आणि तारखेसह मिलिमीटर लिहून ठेवा.