रेफरीची नजर चुकली की नियम चुकला?

गोव्यात फातोर्ड्याला मॅच संपली, आपली टीम हरली आणि एखादी पेनल्टी नाकारली गेली असली, की पार्किंगपर्यंतच्या वाटेवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘प्रोटेस्ट घाला, मॅच परत खेळवा.’ म्हापशाला धुळेर मैदानावर तेच, गावच्या टुर्नामेंटमध्येही तेच. रागाबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला राग येत नाही तो फुटबॉल बघायला आलेलाच नसतो. माझी तक्रार आहे ती दोन वेगळ्या चुकांना एकाच नावाने हाक मारण्याबद्दल. रेफरीने बघण्यात केलेली चूक एक, आणि रेफरीने नियम लावण्यात केलेली चूक दुसरी. पहिलीमुळे सामना परत होत नाही. दुसरीमुळे होऊ शकतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे नको तिथे प्रोटेस्टचे, म्हणजे लेखी तक्रारीचे, अर्ज जातात आणि हवे तिथे जात नाहीत.

पहिली चूक सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. १९८६ साली मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल. २०१० साली इंग्लंडच्या लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या चांगला आत पडला, तरी न दिलेला गोल. रेफरीला दिसलं नाही किंवा चुकीचं दिसलं. नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की खेळातल्या घटनांबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम, आणि गोल झाला की नाही व सामन्याचा निकाल काय, हेही त्यातच आलं. टीव्हीवर दहा वेळा दाखवून उपयोग नाही.

दुसरी चूक कशी असते? ३ सप्टेंबर २००५, ताश्कंद. वर्ल्ड कप पात्रता फेरीत उझबेकिस्तान बहरीनविरुद्ध १-० ने पुढे होता आणि त्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला. पण फटका मारण्याआधीच उझबेकिस्तानचा एक खेळाडू पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. जपानी रेफरी योशिदांनी ते अचूक टिपलं. म्हणजे नजर चुकली नाही. अशा वेळी तेव्हाच्या नियमाप्रमाणे पेनल्टी परत घ्यायची. त्यांनी मात्र बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली, म्हणजे जिच्यावर चेंडू दुसऱ्या कोणाला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत ती. जे दिसलं ते खरं होतं, त्यावर लावलेला नियम चुकीचा होता. फिफाने निकाल रद्द करून सामना परत खेळवला. उझबेकिस्तानला थेट ३-० असा विजय हवा होता. मिळाला नवा सामना, तो १-१ सुटला, आणि मनामातल्या परतीच्या लढतीत ०-० झाल्यावर बाहेरच्या मैदानावरच्या गोलमुळे बहरीन पुढे गेलं. तक्रार खरी होती आणि तक्रार करणाराच बुडाला.

हीच चूक, अगदी तशीच, ४ एप्रिल २०१५ ला १९ वर्षांखालील मुलींच्या इंग्लंड-नॉर्वे सामन्यात झाली. इंग्लंड १-२ ने मागे, शेवटची मिनिटं, पेनल्टीवर गोल, आत घुसखोरी, आणि पेनल्टी परत घ्यायला लावण्याऐवजी नॉर्वेला फ्री किक. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, पाच दिवसांनी दोन्ही संघांना बेलफास्टला मैदानात उभं केलं आणि पेनल्टीपासून पुढची उरलेली फक्त १८ सेकंदं खेळवली. लीह विल्यमसनने पुन्हा गोल केला, २-२.

आता गोंधळ कुठे होतो ते बघा. नोव्हेंबर २००९ मध्ये पॅरिसला थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू थांबवून पास दिला, फ्रान्सचा गोल झाला, आयर्लंड वर्ल्ड कपबाहेर गेलं. आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने सामना परत खेळवण्याची मागणी करताना दाखला कोणता द्यावा? ताश्कंदचा! फिफाने मागणी फेटाळली. मला आयर्लंडबद्दल वाईट वाटतं, तो हात मी अजून विसरलेलो नाही, पण फिफाचं उत्तर बरोबर होतं. ऑन्रीचा हात रेफरीला दिसला असता आणि तरीही ‘हात चालतो’ म्हणून त्याने गोल दिला असता, तर तो ताश्कंदचा भाऊ ठरला असता. दिसलाच नाही, तर तो मॅराडोनाचा.

खरी अडचण अशी की एकच शिट्टी दोन्ही प्रकारची असू शकते. समजा बचावपटूकडून चेंडू गोलकीपरकडे गेला आणि कीपरने हाताने उचलला. रेफरीने शिट्टी मारून इनडायरेक्ट फ्री किक दिली. रिप्लेमध्ये दिसतं की चेंडू पायाने मारलेला नव्हता, गुडघ्याला लागून गेला होता. बॅकपासचा नियम, म्हणजे सहकाऱ्याने दिलेला चेंडू कीपरने हाताने घ्यायचा नाही हा, फक्त पायाने मुद्दाम मारलेल्या चेंडूला लागू आहे. मग चूक कोणती? रेफरीला वाटलं असेल की पायानेच मारला, तर नजरेची. त्याला गुडघा स्पष्ट दिसला आणि तरी ‘बॅकपास तो बॅकपास’ असं त्याच्या डोक्यात असेल, तर नियमाची. बाहेरून दोन्ही शिट्ट्या सारख्याच ऐकू येतात.

पण त्याच प्रसंगात त्याने पेनल्टी दिली असती तर? मग त्याच्या मनात काय होतं हे शोधायची गरजच उरत नाही. स्वतःच्या क्षेत्रात कीपरने बॅकपास हातात घेतला तर पेनल्टी कधीच होत नाही. तीच गोष्ट थ्रो-इनची. थ्रो-इनवरून थेट चेंडू घेणारा ऑफसाइड धरला आणि रेफरी म्हणाला ‘थ्रो-इन आहे ते मला माहीत आहे’, तर नियम चुकला, कारण थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिक यांवरून थेट ऑफसाइड होतच नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: शिट्टी कशासाठी वाजली यावर भांडत बसू नका. त्यानंतर चेंडू कुठे ठेवला, कोणाला दिला आणि खेळ कसा सुरू झाला ते बघा. नियमाची चूक बहुतेक वेळा तिथे उघडी पडते. आणि ती बघायची घाईही करा, कारण खेळ एकदा पुन्हा सुरू झाला की आपण चुकीचा रीस्टार्ट दिला हे कळूनही रेफरीला तो बदलता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बार्देसमध्ये एका क्लबचा मी काही वर्षं सेक्रेटरी होतो. एका गावच्या टुर्नामेंटमध्ये समोरच्या बचावपटूचा हात चेंडूला लागला, सगळ्या मैदानाने पाहिला, रेफरीने पाहिला नाही. मी रात्री बसून दोन पानी प्रोटेस्ट लिहिला, अनामत रक्कम भरली. अर्ज फेटाळला गेला, रक्कम जप्त झाली. पुढच्या सीझनला आमच्याविरुद्ध इनडायरेक्ट फ्री किक मिळाली. रेफरीचा हात सरळ वर, ही इनडायरेक्टची खूण. फटका बसला, चेंडू कोणालाही न लागता जाळ्यात गेला, आणि तो वरचा हात खाली येऊन सेंटरकडे वळला. गोल! आमच्या कॅप्टनने विचारलं, कोणाला लागला? रेफरी म्हणाला, ‘लागायला कशाला पाहिजे, सरळ आत गेला ना.’ आम्ही ०-१ हरलो आणि मी प्रोटेस्ट केला नाही, कारण मागच्या वर्षीचा धडा मनात होता: रेफरीचा निर्णय अंतिम.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाड्यावरचे जुने रेफरी भेटले. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हात वर होता? आणि चेंडू कोणाला लागला नाही असं तो स्वतः बोलला? मग गोल कसला, ती गोलकिक. तू अर्ज का नाही केलास?’ मुदत संपलेली होती. पहिल्या वर्षी मी हरणारी तक्रार केली आणि दुसऱ्या वर्षी टिकू शकणारी सोडली.

काठावरचं प्रकरण हवं असेल तर ३ मार्च २०२३ घ्या. आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) बाद फेरीत, जादा वेळेत, केरला ब्लास्टर्सच्या खेळाडूंची भिंत लागत असतानाच सुनील छेत्रीने फ्री किक मारली, बेंगळुरूचा गोल झाला आणि केरलाचे प्रशिक्षक संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. लोक अजून विचारतात, शिट्टीशिवाय गोल कसा? फ्री किक झटपट घ्यायला शिट्टी लागत नाही. रेफरीने भिंत मागे सरकवायला खेळ थांबवला असेल, तर मात्र लागते. म्हणजे त्याने थांबवलं होतं की नाही, हा प्रश्न. माझ्या मते हा घटनेचा प्रश्न आहे, आणि घटनेवर रेफरीचा शब्द शेवटचा. केरलाचा प्रोटेस्ट फेटाळला गेला, मैदान सोडल्याबद्दल क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. त्याच महिन्यात बेंगळुरू फातोर्ड्याला फायनल खेळलं, पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं, आणि त्यांच्या मालकांनी व्हीएआरची, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणाऱ्या यंत्रणेची, मागणी केली. व्हीएआर मलाही हवं आहे. पण तेही नजरेलाच मदत करतं. व्हीएआरमधला निर्णय चुकला तरी त्या कारणाने सामना रद्द होत नाही, हे नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे.

‘मग चर्चिलची ट्रॉफी कशी गेली?’ हेही विचारतात. २०२५ साली लोझानच्या क्रीडा लवादाने आय-लीगचं विजेतेपद आपल्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सऐवजी इंटर काशीला दिलं, पण तो वाद खेळाडूंच्या पात्रतेचा होता. शिट्टीचा त्यात काही संबंध नाही. आणि ‘पैसे खाल्ले’ हा तर तिसराच विषय. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिका-सेनेगल सामन्यात घानाच्या जोसेफ लॅम्प्टेने गुडघ्याला लागलेल्या चेंडूवर पेनल्टी दिली. तपासात निकालाशी छेडछाड सिद्ध झाली, त्याच्यावर आजन्म बंदी आली, सामना परत झाला. तिथे पुरावे होते. आपल्याकडे दर रविवारी दोन-दोन हजार रुपयांसाठी उन्हात पळणाऱ्या माणसावर हा आरोप पुराव्याशिवाय फेकला जातो, याची मला खरोखर चीड येते.

रेफरीची पारख करतानाही हाच फरक कामाला येतो. स्टँडमध्ये बसलेला असेसर, म्हणजे रेफरीला गुण देणारा निरीक्षक, गोल मोजत नाही. रेफरी घटनेपासून किती लांब होता, कोन कसा होता, धावपळीत मागे पडला का, हे तो लिहितो. युएफाच्या गुणपद्धतीत ८.३-८.४ म्हणजे अपेक्षेप्रमाणे चांगली कामगिरी. बाकी सगळं तसंच चांगलं असूनही एक ढळढळीत, महत्त्वाची चूक झाली की गुण थेट ७.९. हे गुण रेफरीचे असतात, निकालाचे नसतात. लॅम्पार्डचा गोल न देणाऱ्या लारिओन्दांना त्या वर्ल्ड कपमध्ये पुढे सामना मिळाला नाही, पण जर्मनीचा ४-१ विजय तसाच राहिला. ‘रेफरीला घरी पाठवलं म्हणजे चूक कबूल केली, मग आमचा गोल द्या’ असं म्हणणाऱ्यांची गफलत इथेच होते.

माझा स्वतःचा तराजू सरळ आहे. चाळीस मीटरवरून चुकलेला ऑफसाइड मी माफ करतो. दहा मीटरवर उभं राहून, चांगल्या कोनातून हुकलेला हात माफ करायला मला जड जातं. नियमाची चूक मी अजिबात माफ करत नाही, कारण तिच्यासाठी ना वेग लागतो ना नजर, घरी बसून वाचायचं असतं. २००६ मध्ये ग्रॅहॅम पोलने क्रोएशियाच्या शिमुनिचला दुसऱ्याऐवजी तिसरं पिवळं कार्ड दाखवल्यावर बाहेर काढलं. नियम त्याला माहीत होता, कार्डाची नोंद चुकली, आणि वर्ल्ड कपमधली ती त्याची शेवटची मॅच ठरली. कडक होतं, पण मला ते योग्यच वाटतं.

भाई अजून मैदानावर येतात. टचलाइनजवळच्या भिंतीवर बसतात, हातात शाळेच्या वहीएवढी वही. फाउल कोणी केला ते ते लिहीत नाहीत. परवा मी डोकावून पाहिलं तर पानावर एवढंच होतं: ‘३४ मि. – हात वर नव्हता. इनडायरेक्ट असूनही.’